पंजाबरावांच्या नावावरचं पुस्तक

बाबा जाऊन अकरा महिने झाले होते, आणि त्यांच्या फोनवर मेसेज आला — 'पंजाबराव नगराळे, आपण नेलेल्या पुस्तकाची मुदत संपली आहे. कृपया त्वरित परत करावे.'

दुपारचे साडेचार वाजले असतील. मुकुटबनच्या आमच्या वाचनालयात मी एकटीच होते. बाबांचा जुना फोन मी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवते. रोज चार्ज करते, महिन्याच्या महिन्याला रिचार्जही मारते. का, ते विचारू नका. कुणी विचारलं की मी भांडते.

मेसेज मी तीनदा वाचला. पहिल्यांदा अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा त्यांच्या नावावरच नजर अडकली. तिसऱ्यांदा मात्र डोकंच फिरलं. एकतीस वर्षं या माणसानं गावाला पुस्तकं दिली, स्वतः नेलेलं पुस्तक कधी एक दिवस उशिरा आणलं नाही, आणि गेल्यावर त्यांना कोण तगादा लावतंय? मेसेजखाली चौकशीचा नंबर होता. लावला.

"कोन बोलून राह्यलं?" मी सरळ दरडावलंच.

"मी... खेमसिंग राठोड. घाटंजीच्या वाचनालयातून. तुमी कोन, ताई?"

"पंजाबराव नगराळेची पोरगी. माह्या बाबाले पुस्तक कवा देलं तुमी?"

"अवो ताई, थे तं सरावाचं हाय! ट्रेनिंगचं. मॅडमनं सांगितलं नाई का, दुसऱ्याच्या सभासदाच्या नावावर पुस्तक टाका, तारीख मांगची टाका, अन् मेसेज जाते का पाहा म्हून? मले वाटलं खोटं नाव हाय. समद्यायनं खोटीच नावं टाकली ना."

"खोटं?" माझा आवाज चढला. "माह्या बापाचं नाव खोटं?"

"नाई, नाई जी... काकाले द्या ना फोन. मी माफी मांगतो त्यायची."

"थे वारले."

पलीकडून पंख्याचा करकर आवाज येत होता. वाटलं, आता हा माणूस 'फार वाईट झालं' म्हणेल, 'देवाची मर्जी' म्हणेल, आणि मी फोन आपटेन. तो तसलं काहीच म्हणाला नाही.

"थांबा. फोन ठेवू नका," तो म्हणाला. मग टकटक बटणं दाबल्याचा आवाज आला. "जमा केलं मी पुस्तक. त्यायच्या नावावर आता काहीच बाकी नाई, ताई."

मला बरं वाटायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून बसले. त्यांच्या नावावर आता काहीच बाकी नाही — एवढं वाक्य काळजात रुतून बसलं.

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. एका संस्थेनं खेड्यापाड्यातल्या वाचनालयांसाठी पंधरा दिवसांचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण काढलं होतं. रोज दुपारी दोन ते चार. पुस्तकांची नोंद, सभासदांची नोंद, देवघेव, सगळं संगणकावर कसं करायचं ते शिकवायचे. सरावासाठी एक खोटं वाचनालय होतं आणि आम्हा बेचाळीस जणांना त्यात एकेक शाखा दिली होती. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकानं एक सभासद तयार करा. नाव काहीही टाका." बाकीच्यांनी नटनट्यांची नावं टाकली. मी कीबोर्डवर हात ठेवला, आणि बोटांनी आपोआप बाबांचं नाव लिहिलं. पत्ता आमचा, नंबर त्यांचा. लिहून झालं तेव्हा स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'सभासद चालू आहे.' ते मला पुसवेना. त्या नंबरवर खरोखर मेसेज जाईल, हे डोक्यातच आलं नाही.

प्रशिक्षण माझ्यासाठी गंमत नव्हती. बाबांच्या खुर्चीवर मी अकरा महिने बसले होते खरी, पण तात्पुरती. वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष श्रावणकाका, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "दीपा, आता समदं कम्प्युटरवर करा लागते. प्रमाणपत्र आनलं तं खुर्ची तुही. नाई आनलं, तं मले दुसरा मानूस पाहा लागन. पंजाबची पोरगी म्हून मी तुले बसवून ठेवू शकत नाई." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला रागही येईना, कारण खरंच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला आणि मी बेचाळीस चौकटींत 'घाटंजी' शोधायला लागले. तिसऱ्या ओळीत सापडला. निळा शर्ट, मागे पुस्तकांचं लोखंडी कपाट, आणि कानाची पाळी चिमटीत धरून बसायची सवय. मॅडमनं प्रश्न विचारला की हात हळूच कानाकडे जायचा. स्क्रीनवर कोण कुणाकडे पाहतं ते कळत नाही, हे एक बरं असतं.

वर्ग संपल्यावर मी बाबांचं खातं उघडलं. रिकामं. सभासद चालू आहे, पुस्तक शून्य. ते शून्य मला बघवेना. बाबा वाचनालयातून कधी मोकळ्या हातानं घरी आले नाहीत. दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये राबायचे, संध्याकाळी वाचनालय उघडायचे, आणि बंद करून निघताना काखेत पुस्तक असायचंच. मी त्यांच्याच फोनवरून घाटंजीला फोन लावला.

"जयभीम, ताई," तो म्हणाला.

मी भांडायच्या तयारीनं लावला होता, आणि त्या एका शब्दानं मी माझं भांडणच विसरले. मग म्हणाले, "काल तुमी पुस्तक जमा केलं... थे बरोबर नाई केलं."

"अवो, तुमीच तं चिडल्या होत्या!"

"चिडली होती. पन बाबा मोकळ्या हातानं कधी घरी येत नव्हते."

"मंग... कोनतं देऊ त्यायले?"

"ग्रंथपाल तुमी हाय ना? तुमीच ठरवा."

त्या दिवशी त्यानं बाबांना सापांची ओळख करून देणारं पुस्तक दिलं. मी लगेच फोन केला. "बाबाले सापाचं लय भेव वाटे! चित्र पाह्यलं तरी पाय वर घेऊन बसत." पलीकडून इतकं मोकळं हसू आलं, की मलाही हसू फुटलं. अकरा महिन्यांत मी बाबांच्या नावानं पहिल्यांदा हसले होते. मग माझी मलाच लाज वाटली, आणि मी घाईनं फोन ठेवला.

पण ते सुरू झालं ते झालंच. रोज वर्ग संपला की मी खातं उघडायची आणि बाबांच्या नावावर नवं पुस्तक असायचं. कधी झाडांवरचं, कधी कुण्या डॉक्टरचं आत्मचरित्र, कधी विहिरी कशा खोदतात त्यावरचं. मग पाच वाजता फोन. मी सांगायची, हे बाबांना आवडलं असतं, हे नसतं. तो कान देऊन ऐकायचा.

"काकाले कसं कळे वो, कोनाले कोनतं पुस्तक द्यायचं थे?" एकदा त्यानं विचारलं.

"बाबा पुस्तक आवडलं का म्हून कधी नाई इचारत. समदेच 'आवडलं' म्हनतात. थे इचारत, कोनत्या पानावर थांबला होता? मंग थे पान उघडून पाहात. मानूस कुठं थांबला त्यावरून त्याले पुढचं पुस्तक देत."

"कोनत्या पानावर थांबला..." तो स्वतःशीच बोलला.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या खात्यात झाडांवरच्या पुस्तकापुढं 'शेरा' लिहायच्या जागी चार शब्द होते — 'पान बावीसवर थांबले आहेत.' मी उठून बाबांच्या कपाटाकडे गेले. तेच झाडांवरचं पुस्तक आमच्याकडेही होतं, बाबांनीच एका वर्षी दीक्षाभूमीवरून पिशवीभर पुस्तकं आणली होती त्यातलं. बावीसवं पान काढलं. मोहाच्या झाडाचं वर्णन होतं. मोह फुलला की पहाटे झाडाखाली काय वास सुटतो, ते लिहिलं होतं. बाबा खरंच तिथं थांबले असते. या माणसानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला हे कसं कळलं, बाप्पा? मी तिथंच कपाटाला टेकून उभी राहिले. डांबरगोळ्यांचा वास नाकात जात होता. मला त्या क्षणी खेमसिंग राठोड आवडला. हे मी आत्ता सांगते आहे. तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

मग मीही त्याचा सभासद शोधला. रुपीबाई राठोड.

"ह्या कोन जी? खोट्या का खऱ्या?"

"खऱ्या. माही याडी. आई माही." आवाज जरा ओशाळला. "तुमच्यासारखंच झालं माहं. काय नाव टाकू सुचलंच नाई. तिले वाचता नाई येत. मी सहा वर्षापासून वाचनालयात हाय, पन थे कधी आत नाई आली. दाराशी डबा ठेवते अन् जाते. म्हनलं, खोट्या वाचनालयात तरी तिचं नाव राहू दे."

मी रुपीबाईच्या नावावर पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक टाकलं. टाकलं आपलं सरावाला. पण त्यानं काय करावं? त्याच्या वाचनालयातून खरोखरचं ते पुस्तक काढून तांड्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्याचा फोन. पहिल्यांदाच त्याचा आधी आला.

"याडी म्हनते, तितराचं चित्र चुकलं. तितराची मान येवढी लांब नसते म्हने."

"मंग याडीले सांगा, चूक बरोबर पकडली त्यायनं. आमच्या पुस्तकात बी तसंच हाय."

"थे इचारून राह्यली होती, हे पुस्तक कोनं देलं म्हून."

"मंग? तुमी काय सांगितलं?"

मला दिसत नव्हतं, पण हात कानाकडे गेला असणार. "सांगितलं, मुकुटबनच्या... दीपानं देलं."

ताई गेली होती. कधी गेली, मला नीट आठवेना. दोन दिवसांपासून तो नुसतं 'अवो' म्हणत होता. मी उगाच पुस्तकांच्या दाखल नोंदवहीची पानं उलटत बसले आणि "बरं, ठेवते. जय सेवालाल," म्हणाले. माझ्या तोंडून त्याच्या समाजाचा नमस्कार ऐकून तो हसला आणि त्यानं तो दोनदा परत केला.

नवव्या दिवशी त्याची चौकट काळी होती. नाव होतं, माणूस नव्हता. दोन तास मॅडम काय बोलल्या, शप्पथ, मला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी मलाच बारकोडचा प्रश्न विचारला आणि मी भलतंच उत्तर दिलं. बेचाळीस जणांसमोर शोभा झाली. पाचाच्या ऐवजी चारलाच मी फोन लावला.

"आज काहून नव्हते?"

"कापूस वेचाले गेलतो. याडी एकटी होती वावरात, बाया भेटल्या नाई."

"सांगून जात जा ना!"

"कोनाले?"

"कोनाले म्हंजे... मॅडमले."

"मॅडमले सांगितलं होतं."

मी टेबलावरच्या पेपरची उगाच घडी घातली. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "आता तुमाले बी सांगत जाईन."

त्याच फोनवर त्यानं मला त्याच्या वडिलांचं सांगितलं. तो चार वर्षांचा असताना ते ऊसतोडीला गेले. तिकडेच ट्रॉली उलटली. त्याला त्यांचा चेहरा आठवत नाही, एक फोटोसुद्धा नाही. "बाप पोराशी कसा बोलते, थे मले माहीतच नाई, दीपा. तुमी रोज सांगता ना, बाबा असे बसत, असे चिडत, पान उघडून असे पाहात... थे ऐकलं की वाटते, मलेबी कोनी इचारलं असतं, कोनत्या पानावर थांबला रे खेम्या..." आणि मी, जिच्या तोंडाला कुणी लागत नाही, नुसता फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

त्या संध्याकाळी घरी गेले तर माय, कांताबाई तिचं नाव, भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज पाच वाजता बाबाच्या फोनवर कोन बोलते तुह्याशी?"

"ट्रेनिंगचं हाय, माय."

"नाव काय ट्रेनिंगचं?"

"...खेमसिंग राठोड."

मायनं भाकरी तव्यावर टाकली. "तांड्यावरचा हाय तं," एवढंच म्हणाली, आणि मग जेवेपर्यंत काहीच बोलली नाही. बाबा गेल्यापासून ती तशीही फार बोलत नसे. मला तिच्या रागापेक्षा ते गप्प राहणं जड जायचं.

चौदाव्या दिवशी मॅडमनी शेवटचं काम दिलं. उद्या वर्ग नाही, आणि संध्याकाळी पाचला सरावाचं वाचनालय कायमचं पुसलं जाणार. त्याआधी प्रत्येकानं आपला सभासद रीतसर बंद करायचा. नावावर पुस्तक बाकी असेल तर सभासद बंद होत नाही, आणि ज्या शाखेनं पुस्तक दिलं, तिनंच ते जमा करायचं. "एकमेकांना फोन करा, पुस्तकं परत मागा. खऱ्या वाचनालयात हेच करावं लागतं, मी मध्ये पडणार नाही," मॅडम हसत म्हणाल्या. "सभासद बंद नाही, तर प्रमाणपत्र नाही."

सगळे हसले. मी माऊसवरचा हात काढून घेतला. बंद करायचा सभासद म्हणजे बाबा.

मी रुपीबाईंचं पुस्तक लगेच जमा करून टाकलं आणि फोन केला. "तुमचं काम मोकळं केलं मी. आता बाबाच्या नावावरचं तेवढं जमा करा."

"हो," तो म्हणाला. "करतो."

रात्री झोप लागेना. सकाळी नऊला वाचनालय उघडलं, बाबांचं खातं पाहिलं. पुस्तक तसंच. दहाला पाहिलं. तसंच. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. अकराला फोनच बंद लागायला लागला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. येवढे दिवस गोड बोलला, आणि नेमक्या दिवशी तोंड लपवलं? माझी खुर्ची जाणार, बाबांचं वाचनालय परक्याच्या हाती जाणार, आणि हा फोन बंद करून बसलाय! मी कुलूप लावलं, पर्स उचलली आणि पांढरकवड्याची गाडी धरली.

पांढरकवड्याला गाडी बदलायची होती. ती तासभर आलीच नाही. खिडकीबाहेर कापसाची वावरं पांढरी झाली होती, ओढण्या बांधलेल्या बाया वाकून वेचत होत्या. मी त्याला काय काय बोलायचं ते मनात रचत होते. रचता रचता मध्येच वाटायचं, त्याचं काही बरंवाईट झालं नसेल ना... मग सगळं रचलेलं मोडायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून चिडायची.

घाटंजीला उतरले तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. आठवडी बाजाराचा दिवस, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. मिरच्यांच्या ढिगांतून, बैलांच्या घुंगरमाळा विकणाऱ्यांतून वाट काढत, विचारत विचारत वाचनालय गाठलं. आत पेपर वाचणारे दोन म्हातारे होते. आणि कोपऱ्यात संगणकासमोर तो बसला होता. निळाच शर्ट. जिवात जीव आला, आणि लगेच राग परतला.

"फोन काहून बंद केला?"

त्यानं वर पाहिलं. स्क्रीनवर इवलासा दिसणारा माणूस, समोर चांगला उंच होता, आणि उठून उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे लाल झालेले दिसले.

"तुमी... इथं?"

"मंग काय करू? माही खुर्ची जाऊन राह्यली अन् तुमी फोन बंद करून बसले! एक बटन दाबाचं होतं तुमाले. एक!"

म्हाताऱ्यांनी पेपर खाली केले. तो त्यांच्याकडे पाहून कसनुसा झाला, पण आवाज लपवला नाही. "सकाळपासून बसलो हावो इथं. बटनावर हात ठेवतो अन् उचलतो. मले नाई होऊन राह्यलं, दीपा. मी पुस्तक जमा केलं की तुमी त्यायले बंद करसान. माहा बाप तं मी पाह्यलाच नाई. हे एक होते, त्यायले इतके दिवस रोज पुस्तक देलं मी... त्यायले मीच कसा काढू?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुमची खुर्ची जाईन, हे बी माहीत होतं. म्हून लाजेनं फोन बंद केला. चुकलं माहं. लय चुकलं."

रचून आणलेलं सगळं भाषण माझ्या तोंडातच राहिलं. मी अकरा महिने ज्यांचा फोन चार्ज करत होते, त्यांना जाऊ न देणारी मी एकटीच नव्हते. दुसरी खुर्ची ओढून मी त्याच्या शेजारी बसले.

"जमा करा," मी म्हणाले. "मी हाय इथं."

त्यानं बटण दाबलं. पुस्तक जमा झालं. मग त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी माझ्या नावानं आत गेले, बाबांचं खातं उघडलं, 'सभासदत्व बंद करा' वर गेले. यंत्रानं कारण विचारलं. चार कारणं होती. गाव सोडले. स्वेच्छेने. नियमभंग. मृत्यू.

माझा हात थांबला. दवाखान्यातून बाबांना घरी आणलं तेव्हा मी रडले नव्हते. अंत्ययात्रेत नाही, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नाही. मायला सांभाळायचं, वाचनालय उघडायचं, सभासदांना पुस्तकं द्यायची, या सगळ्यात रडायचं राहूनच गेलं होतं. घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. खेमसिंगनं टेबलावरचा हात माझ्या हाताजवळ आणून ठेवला, शिवला नाही. मी 'मृत्यू' वर बोट ठेवलं आणि दाबलं.

हिरवी अक्षरं गेली. आणि मी रडले. परक्या गावात, परक्या वाचनालयात, दोन अनोळखी म्हाताऱ्यांसमोर, अगदी हमसून हमसून. "बाबा गेले," मी म्हणत होते, "माहे बाबा गेले," जशी काही ती बातमी आजचीच होती. त्यातला एक म्हातारा उठून माठातलं पाणी घेऊन आला, माझ्यापुढं ठेवलं, आणि दुसऱ्याला घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. खेमसिंगच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. त्यानं ते पुसलंसुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं मी तोंड धुऊन आले. माझ्या फोनवर संस्थेचा मेसेज आला होता, प्रशिक्षण पूर्ण, प्रमाणपत्र मिळेल. मी तो श्रावणकाकांना पाठवून दिला. त्यांनी उत्तरात दोन शब्द लिहिले, 'खुर्ची तुही.'

"मिळालं?" खेमसिंगनं विचारलं.

"मिळालं."

"मंग आता माह्याशी बोलाचं कारन संपलं तुमचं."

"तुमचं संपलं का?"

त्याचा हात कानाकडे गेला. अर्ध्यातून त्यानं तो खाली घेतला. "नाई," तो म्हणाला. "सुरुवातीले वाटलं, मी काकासाठी पुस्तकं निवडतो. मंग कळलं, दिवसभर मी पाच वाजाची वाट पाह्यतो. तुमची. मले तुमी लय आवडता, दीपा. लगन कराचं तं तुमच्याशीच, असं वाटते. सांगून टाकलं. आता रागवाचं असन तं रागवा."

आयुष्यात पहिल्यांदा मला रागवायचं सुचलं नाही. मी पर्सची चेन उगाच उघडली आणि पुन्हा लावली.

"मी मुकुटबन सोडनार नाई," मी म्हणाले. "खुर्ची आजच भेटली मले. थे वाचनालय मी कोनासाठी सोडनार नाई."

"सोडा म्हनलं का मी? घाटंजीतून रोज गाडी हाय. नाई तं मी तिकडे काम पाहीन. याडी म्हनते, तिले बी आता एकट्यानं वावर पाहाचा कटाळा आला."

"याडीले माहीत हाय?"

"तितराच्या दिवशीच कळलं तिले." तो कसाबसा हसला. "म्हने, पोरगी कोनत्या समाजाची हाय? मी सांगितलं. दोन दिवस बोलली नाई माह्याशी. तिसऱ्या दिवशी म्हने, तिच्याकून दुसरं पुस्तक मांगून आन."

मलाही हसू आलं, आणि डोळे पुन्हा भरून आले. मग मायचं भाकरी थापणं आठवलं, आणि तिचं ते गप्प राहणं. "माह्या घरी सोपं नाई जानार," मी म्हणाले. "माय तुमचं आडनाव ऐकून गप्प झाली. थे गप्प झाली की मले भेव वाटते."

तो पुढं वाकला. आवाज अगदी खाली आला. "काका असते तं मी आधी त्यायलेच येऊन इचारलं असतं. आता कोनाले इचारू, सांगा. कसा येऊ मी तुमच्या घरी? कोन म्हून येऊ?"

बाहेर बाजार उठायला लागला होता. पाल उतरवल्याचे आवाज येत होते. माझी परतीची गाडी सव्वापाचची होती, आणि त्या गाडीत बसण्याआधी मला हे बोलून टाकायचं होतं. मी त्याचा टेबलावरचा हात हातात घेतला. खरखरीत होता, कापूस वेचून बोटं फाटली होती.

"रविवारी या," मी म्हणाले. "बाबाले तं तुमी इतके दिवस रोज भेटले. आता मायले भेटाचं राह्यलं."